अंतर्गत मोडेमचा जीर्णोद्धार : कावेरीकाठच्या लिनक्सधारकांस काही सूचना

कुंभकोणम, पापनाशम, तिरुवैयारु, मन्नारगुडी या पट्ट्यात, जेथे कावेरीच्या शाखा-उपशाखांनी भूमीची आणि भाऊबंदांच्या तंट्यांनी वाड्यांची यथेच्छ विभागणी केली आहे, तेथील ज्या मराठी कुटुंबांत दूरध्वनीची तांब्याची तार, जुना संगणक आणि त्यावर लिनक्स बसवण्याची हौस ही तिन्ही अद्याप एकत्र नांदतात, त्यांच्या उपयोगार्थ हे टिपण सिद्ध केले आहे. ज्यांच्यापाशी यांपैकी दोनच आहेत ते सुखी आहेत. त्यांनी पुढे वाचण्याचे प्रयोजन नाही.

प्रथम रोग्याची ओळख करून घ्यावी. संगणकाच्या पोटात पीसीआय खाचेत बसवलेला मोडेम हा बहुधा पुरता मोडेम नसतोच. अंकांचे ध्वनीत व ध्वनीचे अंकांत रूपांतर करणारा संस्कारक आणि त्यावर हुकमत चालवणारा नियंत्रक हे दोघेही काटकसरीखातर वगळून त्यांची चाकरी मुख्य प्रोसेसरच्या शिरावर लादलेली असते, व पाटीवर उरतात ती तार खोचण्याची भोके आणि जुजबी सरंजाम. ही व्यवस्था इतर प्रांतीयांस समजावून सांगावी लागते. तंजावरकरांस लागू नये. १७९९ च्या तहाने सरफोजी महाराजांकडे किल्ला, सालीना एक लाख स्टार पॅगोडांचा तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला व मुलकी कारभार कंपनीकडे गेला, हे ज्याने आजोबांच्या तोंडून ऐकले आहे, त्यास शिक्का एकाचा आणि अंमल दुसऱ्याचा हा प्रकार अपरिचित नाही. भेद इतकाच की, महाराजांनी मिळालेल्या निवांतपणात सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला आणि देवनागरी छापखाना काढला. मोडेम निवांतपणात काहीही करत नाही.

हा तहनामा विंडोजपाशी ड्रायव्हरच्या रूपाने हजर असतो. लिनक्सपाशी तो नसतो, कारण चिपच्या उत्पादकांनी त्यातील कलमे बहुधा गुप्त ठेवली आहेत. म्हणून खोक्यावरील नाममुद्रेवर विश्वास न ठेवता 'एलएसपीसीआय' हा हुकूम सोडून चिपचे घराणे कोणते याची रुजुवात करावी. ल्यूसेंट निघाल्यास आशेला जागा आहे. स्मार्टलिंक निघाल्यास 'एसएलमोडेमडी' नावाचा एक कारकून पडद्याआड कायम तैनात ठेवावा लागेल. कोनेक्झंट निघाल्यास घरातील वडील मंडळींस विचारून पुढील निर्णय घ्यावा. यानंतर 'यूनेम' हुकमाने कर्नलची आवृत्ती टिपून घ्यावी, कारण एका आवृत्तीसाठी सिद्ध झालेला ड्रायव्हर दुसरीपुढे रुजू होण्यास सहसा राजी नसतो, मग दोहोंत फरक शेवटच्या अंकाचा का असेना.

येथे एक धर्मसंकट उद्भवते. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे, आणि इंटरनेटवर जाण्यास ड्रायव्हर हवा. यावर शास्त्रोक्त तोड एकच : बसने कुंभकोणमास जावे, ब्राउझिंग सेंटरात विंडोजच्या यंत्रावर ती संचिका उतरवावी, आणि १.४४ मेगाबाइटांच्या फ्लॉपीत ती मावत असल्यास परतावे. ड्रायव्हर कित्येकदा मावतो. तो घडवण्यास लागणारे कर्नलचे मूळ मावत नाही. ते मासिकासोबत आलेल्या चकतीवर घरीच होते असा शोध परतल्यावर लागतो, तथापि प्रवासात महामहम तळ्याचे दर्शन घडले असल्याने तो व्यर्थ गेला असे म्हणता येत नाही.

ड्रायव्हर बसूनही सामान्य वापरकर्त्यास 'परवानगी नाही' असे उत्तर आले तर खचू नये. 'डायलआउट' किंवा 'यूयूसीपी' या गटात आपले नाव दाखल करण्याची दरखास्त 'रूट'कडे करावी. ती मंजूर करणारेही आपणच असल्याने सरकारी कामातील हा एक विरळा सुखद प्रसंग होय.

आता 'डब्ल्यूव्हीडायल'. त्याच्या दफ्तरात नंबर, नाव व परवलीचा शब्द नोंदवून हुकूम सोडताच 'नो डायलटोन' असे उत्तर येणे संभवते. तार निर्जीव आहे असा तर्क करून लाइनमनला पाचारण करण्यापूर्वी रिसीव्हर कानास लावावा. स्वर ऐकू येत असेल, तर परदेशी मोडेमला आपल्याकडील स्वराची ओळख पटलेली नाही इतकाच त्याचा अर्थ. आरंभीच्या आज्ञेत 'एक्स३' घालावे, म्हणजे तो स्वराची वाट न पाहता नंबर फिरवतो. जोडणी होऊन ती तत्काळ तुटत असल्यास त्याच दफ्तरात 'स्टुपिड मोड' या नावाचे एक कलम आहे, ते चालू करावे, म्हणजे पलीकडून विचारपूस होण्याची वाट न बघता थेट 'पीपीपीडी'च्या हाती कारभार सोपवला जातो. नावाने मानहानी वाटून हे कलम टाळणारे गृहस्थ रात्र रात्र जागत बसतात असा अनुभव आहे.

मोडेमचा ध्वनिक्षेपक 'एम०' लिहून बंद करण्याचा मोह तिरुवैयारुच्या पंचक्रोशीत तरी आवरावा. जेथे पुष्य बहुल पंचमीस त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो कंठ एका श्रुतीत मिळतात, तेथे पलीकडच्या मोडेमचा २१०० हर्ट्झचा उत्तरस्वर शुद्ध आहे की कंप पावतो हे ओसरीवरील कोणतेही वृद्ध गृहस्थ सांगू शकतील, आणि तेवढे निदान पुरते. स्वर येऊन पुढील खरखर लांबत गेली तर दोष तारेत. ऐप्पसी-कार्तिकैच्या ईशान्य पावसात जोडपेट्यांत पाणी शिरते आणि ५६ किलोबिटांची ग्वाही देणारा मोडेम ९६०० बिटांवर येऊन थबकतो. यावर लिनक्समध्ये कोणताही हुकूम नाही. माजघरातील दुसऱ्या उपकरणावरून अक्कांनी मायावरमच्या जावेस फोन लावल्यामुळे तुटलेली जोडणी हीही याच वर्गात मोडते, आणि तिच्याबाबत तक्रार कोठे करावी हे ज्याचे त्याने ठरवावे. मेघगर्जना होताच मात्र तार भिंतीतूनच उपटावी.

जोडणी झाली, परंतु एकही पान उघडत नाही, असे असल्यास 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या संचिकेत नामनिर्देशकाचा पत्ता आहे का ते पाहावे. काम आटोपल्यावर केवळ खिडकी मिटू नये. 'कंट्रोल' व 'सी' या कळा एकदम दाबून, 'पीपीपीडी' खरोखर निवृत्त झाला की मागे रेंगाळला आहे याची 'पीएस' हुकमाने खातरजमा करावी. रेंगाळला असल्यास 'किलऑल' चालवावा, आणि त्यानंतरच अक्कांना फोन मोकळा झाल्याचे कळवावे.