श्रीमंत चटईक्षेत्र निर्देशांक महोदयांस अनावृत पत्र

श्रीमंत चटईक्षेत्र निर्देशांक महोदय यांचे सेवेशी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मुंबईच्या कारभाराचा खरा धनी महापौर की आयुक्त, असा वाद अधूनमधून रंगतो. परंतु एखाद्या भूखंडावर त्याच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारा जो अंक, ज्याला बोलीत ‘एफएसआय’ म्हणतात, तोच खरा धनी होय, याविषयी लालबाग-परळमध्ये दुमत नाही. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत दक्षिणेकडील बेट-शहरासाठी महोदयांची मजल सर्वसाधारणपणे 1.33 पर्यंतच होती. पुढे उपकरप्राप्त इमारतींच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या चाळींच्या, पुनर्विकासासाठी ती 3 आणि अशा अनेक इमारती एकत्र पाडून केलेल्या समूह पुनर्विकासासाठी 4 झाली.

महोदय वाढले तसे रहिवासीही वाढले असतील, असा भाबड्या जनांचा समज आहे. जनगणनेचे म्हणणे वेगळे: कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यात 2001 साली सुमारे 33 लाख 38 हजार माणसे होती, ती 2011 साली 30 लाख 85 हजारांवर आली, त्याच दशकात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. जनगणना माणसाला तो राहतो तेथे मोजते, कामावर जातो तेथे नव्हे. त्यामुळे बदलापूर-विरारहून रोज परळला येणारी गर्दी परळच्या खात्यात कधीच पडत नाही आणि कागदोपत्री हा भाग दिवसेंदिवस ऐसपैस होत जातो.

गिरण्यांच्या काळी येथे दाटीचा हिशेब निराळा होता. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत, एक भोंग्यावर निघाला की दुसरा त्याच जागेवर अंग टाकी, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या हिशेबावर होई. जागेचा इतका कसून वापर महोदयांच्या कोणत्याही कोष्टकात बसणार नाही. 1982च्या संपानंतर भोंगे एकेक करून थांबले. गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेला, घरांना आणि मालकाला द्यावा, असा मूळ नियम होता; 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरण्यांच्या आवारात मॉल आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. जुन्या चाळकऱ्यांपैकी ज्यांना टॉवरमध्ये जागा मिळाली, त्यांना घर मोठे मिळाले हे मान्यच केले पाहिजे (त्याबरोबर येणारे दरमहा देखभालीचे बिल हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे). पण गॅलरीतून दिली जाणारी हाक आता सुरक्षारक्षकाच्या वहीत नोंद होऊन वर पोहोचते.

मजल्यांना निर्देशांक आहे, जिन्यांना नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावरील चेंगराचेंगरीत 23 माणसे मेली. ती कचेऱ्यांच्या वेळेची गर्दी होती, आणि कचेऱ्या वाढत असताना पूल मात्र गिरण्यांच्या काळच्या मापाचाच राहिला होता. सबब विनंती इतकीच की महोदयांनी आपल्या अधिकारातील काही अंश पुलांच्या रुंदीला, पदपथांना आणि सांडपाण्याच्या नळांनाही बहाल करावा, म्हणजे वर मजला चढताच खालची वाट आपोआप रुंदावेल. यासाठी प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामाबद्दल विकासकाकडून घेतले जाणारे अधिमूल्य, कोणी भरावे, हे महोदयांनीच ठरवावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

परळ येथील चाळीचे जुने भाडेकरू,
हल्ली मुक्काम बदलापूर