हरकत काय आहे?

गुणवत्ता यादी लागली की घरात अचानक वकिली जागी होते. सीईटीचे पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत छापलेले असते, पण वडिलांच्या मते पोरावर अन्याय झाला तो आठव्या स्थळी. अर्ज करावा का? आधी चूक कोणाची ते पाहावे. तात्पुरत्या यादीवर हरकत घेता येते ती प्रवर्ग, गुण किंवा नाव चुकीचे नोंदले गेले असेल तर. ‘मुलगा हुशार आहे, शेजाऱ्यांनाही विचारा’ यासाठी त्या अर्जात रकाना नाही. कटऑफ ही तर कोणा साहेबाची मर्जीही नव्हे. आपल्यापेक्षा जास्त गुणवाल्यांनी तेच कॉलेज मागितले, एवढाच तिचा गुन्हा.

यावर कोणी म्हणेल, सुप्रीम कोर्टाने दिलाच की प्रवेश! दिला. २०२४ साली १७,५०० रुपये वेळेत भरता न आल्याने आयआयटी धनबादची जागा गमावलेल्या दलित मुलाला कोर्टाने कलम १४२ वापरून, वाढीव जागा करून प्रवेश दिला. पण त्याने जागा मिळवली होती, आडवी आली होती ती फीची मुदत. आपल्याकडे जागाच मिळालेली नसते आणि आडवे आलेले असतात पुढचे चार हजार विद्यार्थी. अर्थात नॉन-क्रीमीलेअरचा दाखला असूनही नाव खुल्या प्रवर्गात गेले असेल, तर आजच हरकत नोंदवा. मुदत तीनेक दिवसांची असते आणि त्यातला एक मामांना फोन करण्यात गेलेला असतो.