फुकटचा दिवस

हिमालय देवाने घडवला असला, तरी त्याचा कार्यक्रम आखायचं काम त्याने सोसायट्यांच्या सहल समित्यांवर सोपवलं आहे. निदान आमच्या इमारतीत तरी याबद्दल कोणाला शंका नाही. अष्टविनायक दीड दिवसात 'उरकून' दाखवल्यापासून समितीचा आत्मविश्वास असा चढला आहे की यंदा एकदम नेपाळ, तिबेट आणि भूतान. "डोंगर एकच आहे ना? मग तीनदा कशाला जायचं?" असा अध्यक्षांचा बिनतोड सवाल. स्वेटर एकदाच घ्यायचे, बॅगा एकदाच भरायच्या, कुंड्यांना पाणी घालायला शेजाऱ्यांना एकदाच सांगायचं. शेजारीही सहलीला येणार असल्याने कुंड्यांचा प्रश्न तेवढा पुढच्या सभेवर गेला.

पहिला आराखडा सेक्रेटरींच्या भाच्याने केला. नऊ रात्री, दहा दिवस. काठमांडू, मानसरोवर, कैलासाची परिक्रमा, ल्हासा, पारो, थिंफू आणि 'वेळ उरल्यास एव्हरेस्ट'. मोबाइलच्या नकाशावर त्याने अंगठ्याने अंतरं मोजली होती. कैलास ते ल्हासा हा प्रवास त्याने एका दुपारी बसवला होता. रस्त्याने ते अंतर बाराशे किलोमीटरहून जास्त भरतं हे कळल्यावर त्याने 'दुपार' खोडून 'दुपार व संध्याकाळ' केलं. ल्हासा ते पारो मात्र खरोखरच अंगठाभर आहे, सरळ रेषेत तीनशेच्या आसपास किलोमीटर. तेवढं गाडीने जाऊ, वाटेत कुठेतरी चहा घेऊ, असं ठरलंही.

मग कोणीतरी चौकशी केली तेव्हा कळलं की चीन आणि भूतान यांच्यात राजनैतिक संबंधच नाहीत आणि त्यांच्यातल्या सीमेवरून पर्यटकाला जाता येत नाही. ल्हासाहून पारोला जायचं तर आधी काठमांडूला परत यायचं आणि तिथून विमान धरायचं. समिती दुखावली. दोन शेजारी देश एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून आमच्या सोसायटीने वळसा का घालावा? "पत्र लिहा," अध्यक्ष म्हणाले. कोणाला, हे त्यांनी सांगितलं नाही. इतिवृत्तात 'पत्र लिहिण्याचे ठरले' एवढीच नोंद आहे. खजिनदारांनी मात्र काठमांडू-पारो विमानात डाव्या बाजूच्या खिडकीतून एव्हरेस्ट आणि कांचनगंगा दिसतात हे शोधून काढलं आणि त्या ओळीतल्या जागा कार्यकारिणीसाठी राखून ठेवण्याचा ठराव एकमताने संमत करून घेतला. 'वेळ उरल्यास एव्हरेस्ट' ही नोंद त्यामुळे निकालात निघाली.

कागदपत्रांचा अध्याय वेगळाच. आपल्याकडे आधार कार्ड दाखवलं की सगळं होतं अशी आमची श्रद्धा. नेपाळला विमानाने जायचं तर पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना. हा नियम वाचून दाखवताच दोन काकूंनी आपण पासष्टच्या वर असल्याचं चारचौघांत मान्य केलं. इमारतीच्या इतिहासातली ही पहिलीच घटना. पाचच मिनिटांनी उघड झालं की भूतानला आधार मुळीच चालत नाही आणि तिबेटला तर पासपोर्टाशिवाय प्रश्नच नाही. कबुलीजबाब वाया गेला, आणि तो परत घेण्याची सोय सोसायटीच्या उपविधींत नाही.

तिबेटमध्ये परदेशी माणसाला आपल्या मनाने भटकता येत नाही. प्रवासाचा खास परवाना हवा, अधिकृत कंपनी हवी, सोबत गाइड हवा. नेपाळमार्गे जाणाऱ्यांना व्हिसा मिळतो तो पासपोर्टावर नव्हे, वेगळ्या कागदावर, सगळ्या गटाचा मिळून एकच. एका यादीतली माणसं एकत्र आत जाणार, एकत्र बाहेर येणार. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बहुतेक दर वर्षी परदेशी पर्यटकांना तिबेट बंदच असतो. दलाई लामांचा फोटो जवळ बाळगायचा नाही, हेही आलंच. यावर दुसऱ्या मजल्यावरचे काका कासावीस झाले. मॅक्लिओडगंजच्या सहलीत दलाई लामांच्या मोठ्या तसबिरीखाली हात जोडून काढलेला त्यांचा फोटो त्यांच्या मोबाइलवर, फेसबुकवर आणि नातवाच्या शाळेच्या प्रकल्पात आहे. "चीनला एवढं बारीक दिसतं का हो?" त्यांनी विचारलं. त्यांचं समाधान होईल असं उत्तर सभेत कोणाकडे नव्हतं.

सरकारी कैलास यात्रेला का जात नाही, हा प्रश्नही एकदा निघाला होता. २०२० पासून बंद असलेली ती यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी लिपुलेख आणि नथू ला अशा दोन वाटांनी मिळून साडेसातशे जागा होत्या, त्याही संगणकाच्या सोडतीने. वय अठरा ते सत्तर. दिल्लीत डॉक्टर तपासणार, लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला आयटीबीपीचे डॉक्टर पुन्हा तपासणार. इथवर कोणाचीच हरकत नव्हती. मग अट आली बीएमआय पंचवीस किंवा त्याहून कमी असण्याची. सभागृहात शांतता पसरली. समोरच्या बशीतला बटाटेवडा कोणी उचलेना. 'खाजगी कंपनीतून जाणे सोयीचे' असा ठराव सूचक-अनुमोदकासह मंजूर झाला आणि मगच वडे संपले.

घड्याळाचा घोळ निराळाच. नेपाळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, भूतान अर्धा तास आणि तिबेट, तिथे बीजिंगची वेळ चालत असल्याने, तब्बल अडीच तास. नेपाळची ती पंधरा मिनिटं गौरीशंकर शिखराच्या रेखांशावरून आलेली आहेत. डोंगराकडे बघून घड्याळ लावणारा देश म्हणून मला त्यांचं कौतुक वाटतं. खजिनदारांना वाटलं नाही. रसुवागढीला नेपाळ-तिबेट सीमा ओलांडताना एका पावलात सव्वादोन तास जातात, त्याची भरपाई कंपनी देणार का, हे त्यांनी लेखी विचारलं आहे. तिथला मैत्री पूल २०२५ च्या जुलैमध्ये पुराने वाहून नेला होता, हे कंपनीच्या माणसाने सांगून पाहिलं. कार्यक्रमपत्रिकेत सीमेवर पोचण्याची वेळ 'स. ९.१०' अशी छापलेली असल्याने समितीला त्यात काही अडचण दिसली नाही.

स्वयंपाकी बरोबर न्यायचा, यावर चर्चाच झाली नाही. मराठी माणूस हिमालय चढेल, पण भातावर वरण नसेल तर कशासाठी? मानसरोवरापाशी, साडेचार हजार मीटरच्या वर, पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाताखाली कचकचते. म्हणून प्रत्येक गटाला एक याप्रमाणे कुकर घ्यायचे ठरलं. शिट्टी कोणाच्या कुकरची आधी झाली यावरून पाच हजार मीटरवर उभा राहणारा वाद मला आत्ताच ऐकू येतो आहे.

आता ज्यावरून समिती फुटायची वेळ आली, तो मुद्दा.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त डॉक्टर राहतात. तीन सभा ते गप्प होते. चौथ्या सभेत त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "यात एक दिवस वाढवा. खरं तर दोन वाढवा."

"काय बघायला?" अध्यक्षांनी पेन सरसावलं.

"काही नाही. नुसतं राहायला."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काठमांडू चौदाशे मीटर. सीमेपलीकडचं केरुंग अठ्ठावीसशेच्या आसपास. तिथून निघालात की पुढचा मुक्काम सागाला, साडेचार हजारांवर. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये असं वैद्यक सांगतं, आणि इथे रस्ताच एका उडीत दीड-दोन हजार चढतो. म्हणून निदान केरुंगला दोन रात्री काढायच्या, दिवसा थोडं वर चालून यायचं, खाली येऊन झोपायचं. परिक्रमेतली डोल्मा ला ही खिंड ५,६३० मीटरवर आहे. तीन कळसूबाया एकमेकींच्या डोक्यावर उभ्या केल्या तरी ती वरच राहते. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर आलेला असतो. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आली तर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. पण तिबेटच्या पठारावर खाली म्हणजे कुठे? चहूकडे दूरवर चार हजारांच्या आसपास किंवा वरच. त्यात व्हिसा सगळ्यांचा मिळून एक. एकट्याने मधूनच फुटून परतायचं तर पुन्हा कागदांची धावाधाव. "शरीर म्हणतं आत्ता उतर, कागद म्हणतो सगळे मिळून उतरा," डॉक्टर म्हणाले. "म्हणून आधीच हळू जा."

सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं. मग खजिनदारांनी कॅल्क्युलेटर काढला. एका दिवसाचं राहणं-खाणं, गाडी थांबून असल्याचे पैसे, गाइडचा भत्ता. माणशी आकडा काढून त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, "एवढे पैसे, आणि पॉइंट एकही नाही?"

मला या समाजाबद्दल जे काही सांगायचं आहे ते या प्रश्नात आहे. तीन देशांनी घातलेल्या यच्चयावत अटी आम्ही मान्य केल्या. परवाने, फोटोंची पांढरी पार्श्वभूमी, माघारी काठमांडूचा हेलपाटा, कशालाही नाही म्हटलं नाही. डोंगराची मात्र एकच अट, सावकाश या. तेवढी अट काटकसरीत कापायला निघाली.

"दर रविवारी सिंहगड करतो मी, चाळीस मिनिटांत," बी विंगमधला तरुण दंड चाचपत म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडे फार प्रेमाने पाहिलं. विरळ हवा माणसाची तंदुरुस्ती विचारत नाही, उलट धडधाकट माणूसच घाईने पुढे जातो आणि अडकतो, हे त्यांनी सांगितलं. तरुणाने ते ऐकलं नाही, कारण तो घड्याळात आपली पावलं मोजत होता. "गोळी मिळते ना?" सेक्रेटरींनी आशेने विचारलं. मिळते. चढायला लागण्याआधी सुरू करायची, प्रकृती बघून, डॉक्टरांना विचारून. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला फार होतं. हे शेवटचं ऐकून काकूवर्गाने पठारावरच्या शौचालयांची चौकशी आरंभली, आणि तिची उत्तरं इतकी सविस्तर आली की दोन नावं तिथल्या तिथे गळाली.

शेवटी तोडगा निघाला, आणि तो ज्याने काढला त्याला सहकार खात्याने पुरस्कार द्यायला हरकत नाही. विश्रांतीचा दिवस ठेवायचा, पण काठमांडूत. व्हिसासाठी पासपोर्ट वकिलातीत पडून असतात तेव्हा तिथे थांबावं लागतंच. त्या दिवसाला 'विश्रांती व हवामानाशी जुळवून घेणे' असं नाव द्यायचं आणि पशुपतिनाथ, स्वयंभूनाथ, भक्तपूर, रुद्राक्ष आणि पश्मिना शाली एवढं उरकून घ्यायचं. म्हणजे विश्रांती खाली घेऊन ठेवायची आणि वर लागेल तशी वापरायची. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "चौदाशे मीटरवर जुळवून घ्यायला काय आहे? महाबळेश्वर जवळपास तेवढंच आहे." महाबळेश्वरला आपल्याला कधीच त्रास झालेला नाही, ही गोष्ट सभेने समाधानाने नोंदवली.

भूतानचं लवकर आटोपलं. तिथे शाश्वत विकास शुल्क म्हणून भारतीय पर्यटकाला माणशी रात्रीला १,२०० रुपये द्यावे लागतात. इतर बहुतेक परदेशी लोकांना १०० डॉलर. 'रात्रीला' हा शब्द खजिनदारांनी अधोरेखित केला आणि रात्र वगळून भूतान बघता येईल का, यावर एक उपसमिती नेमली. त्या देशात गांगखार पुएन्सुम नावाचं ७,५७० मीटरचं शिखर आहे. त्यावर आजवर माणसाचं पाऊल पडलेलं नाही आणि २००३ पासून तिथे गिर्यारोहणच बंद आहे. शिखरं ही देवांची जागा, तिथे माणसाने कशाला जायचं, असा साधा हिशेब. पुनर्विकासाच्या फायलीत बुडालेल्या आमच्या अध्यक्षांना मात्र हे ऐकून हळहळ वाटली. "एवढा एफएसआय नुसता पडून?"

सध्या सगळं मार्गी लागलं आहे. डॉक्टरांनी नाव मागे घेतलं असून केरुंगचा दुसरा मुक्काम त्यांच्याबरोबरच यादीतून गेला. कुकर आले. अडलं आहे ते फक्त व्हिसाच्या यादीवर. एकाच कागदावर सगळ्यांची नावं क्रमाने असतात आणि सीमेवर त्याच क्रमाने रांगेत उभं राहावं लागतं, असं कंपनीच्या माणसाने बोलता बोलता सांगितलं. पहिलं नाव अध्यक्षांचं, असं अध्यक्षांचं म्हणणं. सेक्रेटरींच्या मते पत्रव्यवहार सगळा त्यांनी केला. खजिनदार म्हणतात, चेकवर सही कोणाची आहे ते बघा. बी विंगचा तरुण म्हणतो, मी पुढे राहतो, मला सवय आहे. पुढच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली असून गणसंख्या न भरल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल. अर्धा तास भारतीय वेळेनुसार.