दीड किलो डाळ

टीबीच्या गोळ्या सरकार फुकट देतं. त्या ज्या पोटात जायच्या, त्या पोटात काय आहे हे कोण विचारतं?

झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं. चार जिल्हे, टीबीचे २,८०० रुग्ण, त्यांच्या घरची १०,३४५ माणसं. शिधा सगळ्याच रुग्णांना दिला. घरच्यांपैकी मात्र एका गटाला माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटाला काही नाही. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सगळ्यांना शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. दुसऱ्याला लागणाऱ्या, फुप्फुसाच्या टीबीचं तर ४८ टक्क्यांनी.

यात चमत्कार नाही. टीबीचा जंतू आपल्याकडे कोट्यवधी माणसांच्या अंगात दबून असतो. अंगात प्रथिनं नसली की त्याला दाबून धरणाऱ्या पेशीच लुळ्या पडतात. खात्यापित्या घरांनीही निर्धास्त राहू नये. मधुमेह्याला टीबीचा धोका साधारण तिप्पट असतो. तेव्हा साखर आटोक्यात ठेवा आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्या. लाजू नका.

पण ज्यांच्या घरात खायलाच नाही, त्यांना पथ्य कसलं सांगायचं? कमावता माणूस आजारी पडला की पहिली काटछाट डाळीची होते. वाटीभर डाळीत तांब्याभर पाणी ओतून ती पाच ताटांत फिरवायची. पोषणासाठी रुग्णाला २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. दिवसाला तेहतीस रुपये. तेही घराच्या सामाईक पातेल्यात जातात, आणि जाणारच. पोरं समोर बसलेली असताना कुठली आई एकटी अंडं खाईल?

म्हणून शिधा सगळ्या घराचा हवा. घरच्यांसाठी ‘निक्षय मित्र’ आहेत, म्हणजे देणगीदार. एखादा भेटला तर ठीक, नाही तर नाही. पोराची फुप्फुसं कुणाच्या मर्जीवर सोडायची नसतात. अन्नसुरक्षा कायद्यात माणशी ५ किलो धान्य हक्काचं आहे, पण त्यात डाळ नाही. नेमकी जी हवी तीच नाही!

डाळ पोचवणार कशी, हा प्रश्न महाराष्ट्र सरकारने तरी विचारू नये. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ शंभर रुपयांत याच रेशन दुकानांतून वाटली होती. दुकानं तिथेच आहेत, कार्डं तीच आहेत आणि रुग्णांची नोंद तर सरकारच्याच संगणकात आहे.

नंदुरबार, मेळघाटापासून धारावीपर्यंत, टीबीचा रुग्ण असलेल्या प्रत्येक घराला उपचाराचे सहा महिने माणशी दीड किलो डाळ रेशनवर द्या. तुमचा आमदार पुढच्या वेळी दारात आला, की त्याच्याकडे एवढंच मागा.