मोशी मोशी काका

बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारच्या काकांनी दोन गोष्टी लावल्या: गुडघ्याला तेल आणि जपानीचा क्लास. पुण्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. क्लासात बाकीची सगळी इंजिनिअरिंगची पोरं. त्यांना चाकणच्या कंपनीत नोकरी हवी होती, काकांना फक्त पहिला नंबर.

हिरागानाची ४६ अक्षरं त्यांनी चार दिवसांत घोटली. आ-इ-उ-ए-ओ, मग का-कि-कु, ही मांडणी संस्कृत वर्णमालेवरून गेलेली आहे असं बाईंनी सांगितल्यावर तर काका मालकाच्या रुबाबात वावरू लागले. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. वाक्याच्या टोकाला आपण 'ना' लावतो, तिथे ते 'ने' लावतात. ''सोपी आहे हो, आपलीच भाषा आहे,'' असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. एका रात्री त्यांनी ''उद्यापासून कांजी सुरू'' असं जाहीर केलं. काकूंना वाटलं, पोट बिघडलं. सकाळी ताटात पेज आली. ती चित्रलिपी असते, हे पेज संपल्यावर उलगडलं.

मग घरात 'हॅलो'वर बंदी आली. फोन वाजला की काका खणखणीत आवाजात ''मोशी मोशी!'' म्हणत. पहिला बळी कुरिअरचा पोरगा. तो म्हणाला, ''मोशी नाय काका, कोथरूडलाच उभाय मी. बिल्डिंग कंची?'' त्या दिवसापासून सोसायटीने त्यांना हे नाव दिलं.

सकाळी ते सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जातात. ही बाग ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली, त्यामुळे सरावाला योग्य, असं त्यांचं मत. तळ्यातल्या माशांना कमरेतून वाकून ''ओहायो गोझाइमास्'' म्हणतात. मासे उलट उत्तर देत नाहीत, व्याकरणही काढत नाहीत.

माणसांशी मात्र गोची होते. वरच्या मजल्यावरच्या मुलाचा जपानी साहेब चहाला आला, तेव्हा काका आपणहोऊन हजर. ओळख करून देताना स्वतःच्याच आडनावाला त्यांनी 'सान' लावलं. स्वतःला 'सान' लावायचं नसतं. पण काउंटरवर तीस वर्षं ''साहेब बोलतोय'' असा फोन घेतलेल्या माणसाला हे कोण सांगणार? पुस्तकात 'अनाता' म्हणजे 'तुम्ही' असं होतं, म्हणून पाच मिनिटांत पाहुण्याला चार वेळा 'अनाता' झालं. तिकडे समोरच्याला आडनावानेच हाक मारतात. 'अनाता' म्हणते ती बायको, नवऱ्याला. पाहुण्याने नजर कपात घातली आणि शांतपणे म्हणाला, ''निहोंगो जोऊझु देस् ने.'' जपानी छान बोलता, असं! दोन शब्द बोलणाऱ्यालाही जपानी माणूस हे म्हणतोच. काकांनी मात्र संध्याकाळी पेढे वाटले. काकूंना खरा अर्थ कळला तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. ''म्हणजे त्या बाप्याला तुम्ही 'अहो' म्हणालात? चाळीस वर्षांत एवढ्या लाडाने मीसुद्धा नाही म्हटलं!''

एक फरक पडला, तो मात्र मान्य करायला हवा. पूर्वी प्रश्न पुरता व्हायच्या आत 'नाही' म्हणणारे काका आता नकारच देत नाहीत. परवा सेक्रेटरी थकलेला मेंटेनन्स मागायला आले. काकांनी मान तिरकी केली, दातांतून हवा ओढली आणि ''चोत्तो...'' म्हणून थांबले. 'जरा...' एवढाच त्याचा अर्थ. पुढचं समोरच्याने ओळखायचं. सेक्रेटरी दारात दहा मिनिटं उरलेल्या वाक्याची वाट बघत होते.

काल काका जिन्यात फुरंगटून उभे होते. घरातून निघताना 'इत्तेकिमास्', म्हणजे 'जाऊन येतो', आणि घरच्यांनी म्हणायचं 'इत्तेराश्शाई'. ''आठवडाभर शिकवतोय हिला. तोंडातून अक्षर निघेल तर शपथ! ऐका.'' त्यांनी वळून दारातून हाक दिली, ''इत्तेकिमास्!''

आतून विळीच्या आवाजावरून उत्तर आलं, ''या जाऊन! आणि येताना कोथिंबीर आणा.''

''बघितलंत?'' काका म्हणाले.