मांजर कुठून सुरू होतं?

छापील मांजर सगळीकडून एकदमच सुरू झालेलं असतं. मुलांच्या रंगवायच्या पुस्तकात कान, पाठ, शेपूट, मिशा सगळं जागच्या जागी. रेघ कुठून निघाली आणि कुठे टेकली याचा पत्ता नाही. हेच मांजर शिवणाच्या मशीनवर दोऱ्याने काढायला घेतलं, की सुई पहिल्यांदा कुठे टोचायची हे आधी ठरवावं लागतं. दोऱ्याला टोक असतं ना.

या भरतकामाची तयारी म्हणजे मशीनची शिस्त मोडणं. सुईखालचे दाते कापड पकडून मागे सरकवतात. अॅलन विल्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८५४ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. आपल्याला नेमके तेच दाते नकोत. ते खाली पाडायचे, आणि जुन्या काळ्या पायमशीनला ती सोय नसेल तर वर पत्र्याची पट्टी बसवून त्यांची तोंडं बंद करायची. कापड दाबून धरणारा फूट काढून ठेवायचा. कापड रिंगमध्ये ताणायचं ते हाताच्या भरतकामाच्या उलट, म्हणजे मशीनला चिकटून बसेल असं. फूट नसला तरी तो खाली करायची कळ मात्र खाली करायचीच, कारण वरच्या दोऱ्याचा ताण तिच्यावर असतो. नसलेला पाय टेकवायला माणूस विसरतोच. मग वरून सगळं झकास आणि खाली दोऱ्यांचं जंजाळ. आमच्या इमारतीत क्लास घेणाऱ्या काकू दर नव्या मुलीला सांगतात, "अगं, वरून काय बघतेस? खालून बघ!"

कागदावर चित्र काढताना हात फिरतो आणि कागद गप्प बसतो. इथे सुई जागची हलत नाही, कापडाने फिरायचं. रेघ उजवीकडे हवी तर रिंग डावीकडे, हे डोक्याला लगेच कळतं, पण हातांना कळायला बरेच दिवस लागतात. त्यात पायाचं वेगळंच. पाय रेंगाळला आणि हात घाईत असला की टाके ढांगा टाकत जातात; उलट झालं तर एकाच जागी गाठ साठते आणि सुई कट्‌कन मोडते.

छापील रेघ कापडावर उतरवण्याचे मार्ग बरेच. बाजारात छापून देणारे असत: सुईने टोचलेला बटर पेपर कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. पुढे चार दिवस कापडाला रॉकेलचा वास. मला आळशी मार्ग आवडतो. चित्र बटर पेपरवर गिरवायचं, कागदासकट शिवायचं आणि शेवटी कागद फाडून टाकायचा. टाक्यांची भोकं पडलेलीच असतात, त्यामुळे पाठीवरून, शेपटीवरून तो सुरेख सुटतो. मिशांच्या बेचक्यात अडकलेले कपटे मात्र भुवया कोरायच्या चिमट्यानेच निघतात.

आता प्रश्न वाटेचा. पेन्सिल न उचलता, रेघ न गिरवता पाकीट काढायचं कोडं शाळेत सगळ्यांनी घातलेलं असतं. उघडं पाकीट निघतं, बंद पाकीट काही केल्या निघत नाही. त्यामागचा नियम ऑयलरने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या सात पुलांवरून सांगितला: विषम संख्येने रेघा जिथे भेटतात असे बिंदू दोनपेक्षा जास्त असले तर नाद सोडावा. मशीनवर गिरवायला बंदी नाही. म्हणून सलग जोडलेलं कुठलंही चित्र एका दोऱ्यात बसतं, फक्त गिरवलेली रेघ जाड होते. मिशीच्या टोकापर्यंत गेलेल्या सुईला त्याच मिशीवरून परतावं लागतं, आणि गरीब मांजराला फौजदारी मिशा येतात. डोळे तर बेटंच. तिथे दोरा तोडण्यावाचून गत्यंतर नाही.

यंत्रांविषयी मनात आढी असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद म्हणून सूट दिली होती. सिंगरने बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते बनवलं, असं ते म्हणाले. (सिंगरसाहेबांचे एकाच वेळी एकाहून जास्त संसार चालू होते, नेमके कुठल्या घरचे कष्ट, हा प्रश्न तेव्हा निघाला नसावा.) कष्ट वाचवणाऱ्या त्या यंत्रावर आम्ही एका मिशीसाठी संध्याकाळ घालवतो हे कळतं तर सूट टिकली असती का, शंकाच आहे.

सध्या काकूंकडे गणपती चाललाय, कापडी पिशवीवर. सोंडेपासून पोटापर्यंत एकच रेघ, त्यामुळे मुली खूश. अडचण इतकीच, की बटर पेपर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. तो उलटा ठेवला गेला तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेचं सगळं कडक. मग ती पिशवी भाजीला न्यायची की नाही, कोलंबी आणायची असेल तर काय, यावर क्लासमध्ये तासभर वाद झाला. शेवटी काकूंनी प्रत्येकीच्या कागदाच्या कोपऱ्यात पेनाने ठळक लिहून दिलं: 'ही बाजू वर'.