यकृतवाले अप्पा

कॅलिफोर्नियातल्या ॲपलच्या गावी, क्युपर्टिनोच्या मेमोरियल पार्कात सकाळी आपल्याकडच्या आई-बाबांचा अड्डा जमतो. विषय ठरलेले: व्हिसाची मुदत, गुडघे आणि सुनेचा डिशवॉशर. अप्पा आले की त्यात यकृताची भर पडते.

अप्पा जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेले सर्जन. पायात मुलाने घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज, डोक्याला माकडटोपी आणि फोनमध्ये रात्री जागून वाचलेला एखादा शोधनिबंध. नमस्काराच्या आधी लिंक येते. तुम्ही पित्ताची तक्रार करा, झोपेची करा नाहीतर घराच्या हप्त्यांची. अप्पा तिसऱ्या वाक्याला तुम्हाला यकृतापाशी आणून सोडतात.

गेल्या होळीला एकांकडे पुरणपोळीचं जेवण होतं. तिथे चिप डिझाइन करणाऱ्या एका मुलाने सहज विचारलं, "अप्पा, अर्धं लिव्हर काढलं तर माणूस जगतो?"

झालं! अप्पांनी ताटातली पोळी पुढे ओढली आणि चमच्याच्या टोकाने तिच्यावर रेघा मारायला सुरुवात केली. "कुइनो नावाचा फ्रेंच माणूस. 1950च्या दशकात त्याने यकृताचे आठ भाग पाडून दाखवले. प्रत्येकाचा रक्तपुरवठा स्वतंत्र. म्हणून एक काढला तरी शेजारचा शाबूत राहतो." दोन ते आठ आखून झाले. पहिला भाग मागच्या बाजूला असतो, म्हणून पोळी उलटी केली. पुरण बाहेर आलं. "रक्तस्राव!" अप्पांनी पोळीची कड चिमटीत धरली. "ही प्रिंगलची युक्ती. 1908. इथून आत जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबायच्या आणि घड्याळाकडे बघायचं." मुलगा घास हातात धरून बसलेला. "आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर: निरोगी दात्याचं अर्ध्याहून जास्त काढता येतं. राहिलेलं काही महिन्यांत जवळजवळ पहिल्याएवढं होतं."

अप्पांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू म्हणाल्या, "अहो, पेशंट गार झाला. खा आता."

ज्ञान वाटण्याची ही खोड इंटरनेटच्या आधीची. नोकरीत असताना अप्पांनी यकृतातल्या अमीबाच्या गळवांवर एक निबंध लिहिला. टाइपरायटरवर, तीन कार्बन लावून. तो छापून आल्यावर पोलंड, चेकोस्लोव्हाकियाहून पोस्टकार्डं आली: प्रत पाठवावी. अप्पांनी पदरच्या पैशाने तिकिटं लावून प्रती पाठवल्या. काकूंना त्या महिन्याचा वाणसामानाचा हिशेब अजून पाठ आहे.

तोच निबंध त्यांनी इथे मुलाच्या लॅपटॉपवर शोधला. सापडला. पण उघडेना. प्रकाशक अडतीस डॉलर मागत होता. "मी लिहिलं, मी टाइप केलं, मीच टपालखर्च सोसला आणि आता मीच विकत घेऊ?" त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खुल्या विज्ञानाचे वारकरी झाले. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्यसंशोधन संस्थेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे निबंध सर्वांना खुले करण्याचा नियम अमेरिकेत 2008 पासून आहे, हे ते भाजीच्या रांगेत सांगतात. 2019 साली सुरू झालेलं मेडआर्काइव्ह हे संकेतस्थळ ते रोज उघडतात. तिथे तज्ज्ञांनी तपासण्याआधीचे निबंध मिळतात. अप्पा फार सचोटीचे. हा निबंध अजून तपासलेला नाही, यावरून उपचार ठरवू नयेत, ही वरची सूचना ते आधी मोठ्याने वाचतात आणि मग पुढची वीस मिनिटं निबंध समजावतात. सुनेने फॅमिली ग्रुप म्यूट केला आहे. अप्पांना वाटतं, ती शांतपणे वाचते.

त्यांचं सगळ्यात भारी प्रकरण मात्र ॲपलच्या गावातच आहे. 2009 मध्ये स्टीव्ह जॉब्सवर यकृतरोपण झालं ते टेनेसीतल्या मेम्फिसला, कारण कॅलिफोर्नियातली प्रतीक्षायादी लांब होती. अपघातात गेलेल्या एका विशीतल्या व्यक्तीचं यकृत आपल्याला मिळालं, हे जॉब्सने नंतर ॲपलच्या कार्यक्रमात स्वतः सांगितलं. 2010 मध्ये त्याने गव्हर्नर श्वार्झनेगरबरोबर जाहीर पाठिंबा दिलेला कायदा झाला: कॅलिफोर्नियात ड्रायव्हिंग लायसन्सचा अर्ज भरताना अवयवदानाचा प्रश्न कोरा ठेवता येत नाही. 'हो' म्हटलं की लायसन्सवर गुलाबी ठिपका येतो.

हे कळल्यापासून अप्पा भेटेल त्या तरुणाला हवालदाराच्या आवाजात फर्मावतात, "लायसन्स दाखव!" पोरं बिचारी घाबरून पाकीट काढतात. ठिपका असला तर पाठीवर थाप, नसला तर लिंक.

अप्पांच्या लिंका फारसं कुणी उघडत नाही, हे खरं आहे. पण त्या चिपवाल्या मुलाने लायसन्सचं नूतनीकरण करताना 'हो'वर खूण केली. निबंध वाचून नव्हे, पोळी बघून. तेव्हा अप्पा भेटले तर लिंक मुकाट्याने घ्या. उघडली नाहीत तरी चालेल. लायसन्सवर ठिपका मात्र असू द्या.